गुळानं मेलेले मासे

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणार नाही. लहानपणी तंजावरला एका मैत्रिणीनं माझी लाकडी बाहुली चुलीत घातली होती. तिच्या लग्नात मी पंगतीला बसले, सगळं वाढून घेतलं आणि एक घास न खाता उठले. मधे अकरा वर्षं गेली होती. तिला बाहुली आठवतही नसेल, पण मला आठवत होती.

लग्न होऊन मी कुंभकोणमला आले तेव्हा पन्नासचं दशक नुकतंच लागलं होतं. घरात आम्ही तिघंच. नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या थोरल्या बहिणीला तो अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. ती विशीच्या आत विधवा होऊन माहेरी परतली होती, आणि आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. कोठीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. मीठ लागलं तरी तिच्याकडे मागायचं. घरात आमची मराठी, म्हणजे तंजावरच्या दरबाराबरोबर अडीच-तीनशे वर्षांपूर्वी आलेली, आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आता पुण्यात राहून माझी भाषा पुस्तकी झाली आहे. अक्काची मात्र शेवटपर्यंत तीच होती.

त्या घरात माझं म्हणावं असं काही नव्हतं. भांडी सासूची, साड्यांची पेटी सासूची, देवघर अक्काचं. परसात मात्र विहिरीच्या पलीकडे एक विटांचा हौद होता. सासऱ्यांनी तो नारळाच्या झावळ्या भिजत घालायला बांधला होता. चार पावलं रुंद, सहा पावलं लांब, कमरेपर्यंत खोल. ते गेल्यापासून त्यात पाचोळा कुजत होता आणि डास होत होते. अक्का त्याला कुट्टे म्हणायची, म्हणजे डबकं. आज ना उद्या तो बुजवून टाकायचं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, मला द्या. ती म्हणाली, "घे की. कोण नको म्हणालं?"

तेवढं तिचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं.

गावाबाहेरच्या कालव्याचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडावर बंद होतं. मग जागोजागी डबकी उरतात आणि त्यांत मासे तडफडतात. बगळे रांगेनं बसलेले असतात. मी पितळी घागर घेऊन गेले आणि पदर खोचून अकरा केंडै पकडून आणले. केंडै म्हणजे बोटाएवढा रुपेरी मासा, त्याचे पर जरासे तांबूस. वाटेत शेजारच्या बायांनी घागरीत डोकावून पाहिलं आणि ब्राह्मणाच्या सुनेनं मासे आणले म्हणून आठवडाभर त्यांची करमणूक झाली. अक्कानं दारातच विचारलं, "मासे कसाला आपणास? कालवण करणार आहेस की?"

तळं राखायला मला शिकवलं ते कमळाची पानं विकणाऱ्या म्हाताऱ्यानं. तो पापनाशम् बाजूच्या तळ्यांत उतरून पानं काढायचा आणि एक दिवसाआड जेवणासाठी पानांची जुडी आमच्या दारात टाकायचा. त्यानं परसात येऊन माझा हौद पाहिला आणि कपाळाला हात लावला. मी शेणखत घालून ठेवलं होतं. पाणी हिरवंगार, तळ दिसत नव्हता. तो म्हणाला, बाई, हे तळं आहे की भाजीचा वाफा? त्यानं सगळं उपसायला लावलं. तळाला कालव्यातली चिकणमाती, तीवर वाळूचा थर, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. फुटक्या मडक्यात निळ्या कमळाचा कांदा. पानांनी अर्धं पाणी झाकायचं आणि अर्धं उघडं ठेवायचं. सगळं उघडं राहिलं तर उन्हानं शेवाळ माजतं, सगळं झाकलं तर मासे गुदमरतात. पिवळं पडलेलं पान त्याच दिवशी काढायचं. पाणी एकदम कधी बदलायचं नाही. चार घागरी काढायच्या, चार घालायच्या, त्याही विहिरीतून काढून दिवसभर उन्हात ठेवलेल्या. तांदळाचं पीठ टाकायचं ते विड्याचं पान लावून होईतो संपेल एवढंच. उरलेलं खाणं कुजतं, आणि कुजणारी वस्तू पाण्यातला दम खाते. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले, तर पाण्यातला दम संपला असं समजायचं आणि घागरीनं उंचावरून पाणी ओतत राहायचं.

मी एकेक गोष्ट शिकले. शिकले म्हणजे आधी चुकले. पण दोन वर्षांत त्या डबक्याचं असं तळं झालं की तळची वाळू दिसायची. निळी कमळं सकाळी उमलायची आणि दुपार कलली की मिटायची. अकरा माशांचे साठ-सत्तर झाले. मी काठावर गेले की सगळा थवा माझ्या सावलीखाली यायचा. मला तेव्हा मूल नव्हतं. पण कुणी म्हणेल की मुलाची माया माशांवर काढली, तर तसं नव्हतं. मला फक्त एक जागा हवी होती जिथे किल्ली लागत नाही.

रोज मी अर्धा तास गुडघाभर पाण्यात उभी राहून पानं काढायची. त्या तिसऱ्या वर्षी उजव्या घोट्यावर एक पांढुरका डाग उठला. आधी रुपयाएवढा, मग त्याच्या शेजारी दुसरा. मला ते कोडच वाटलं. त्या काळी बाईच्या अंगावर कोड उठलं की तिचं काय व्हायचं ते मी माहेरच्या गल्लीत डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि वर्षभरात तिला तिच्या बापाच्या दारात आणून सोडलेलं. मी साडी घोट्याखाली नेसू लागले. नवऱ्याला कळू दिलं नाही. कुणालाच माहीत नाही अशी माझी खात्री होती.

महिन्याचे तीन दिवस मी बाजूला बसायची. देवघर, स्वयंपाकघर, विहीर यांना जसा हात लावायचा नाही, तसा तळ्यालाही नाही, कारण त्यातली फुलं देवाला जात. ते तीन दिवस माशांना पीठ टाकायचं काम अक्काकडे असे. ती कुरकुरत टाकायची, पण टाकायची. गुडघे धरलेले असल्यामुळे तिला वाकता येत नसे. काठावर ताठ उभी राहून ती कोंबड्यांना दाणे फेकावेत तसं पीठ फेकायची.

त्या खेपेला चौथ्या दिवशी पहाटे न्हाऊन मी केस न पुसताच परसात गेले. आधी वास आला, आंबलेल्या पेजेसारखा. पाणी दुधाळ तपकिरी झालं होतं. सगळा थवा वर आला होता, तोंडं आ वासून. कित्येक उलटे होऊन पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मी घागर उचलली आणि उंचावरून पाणी ओतत राहिले. हात भरून आले तरी ओतत होते. ऊन अंगणात येईतो एकेक मासा कलंडत गेला. शेवटचा माझ्या ओंजळीत मेला. कल्ले दोनदा हलले आणि थांबले.

मग काठावर मुंग्यांची रांग दिसली. ती कमळाच्या मडक्यापर्यंत गेली होती. मी हात घातला. मडक्याच्या कडेला अर्धवट विरघळलेला गुळाचा खडा अडकला होता, मुठीएवढा.

आमच्याकडे एक रीत आहे. अंगावर चामखीळ, गाठ, काही दुखणं उठलं की देवळाच्या तळ्यात गूळ सोडायचा. गूळ जसा विरघळेल तसं दुखणं विरघळावं. मायवरमच्या बाजूला एका देवळाच्या तळ्यात तर ढिगानं गूळ पडतो. मी लगेच ओळखलं. गुडघे अक्काचे दुखतात. देवळापर्यंत चालवत नाही, म्हणून हिनं नवस माझ्या तळ्यात फेडला. वर तळं बुजवायची आयती सोय झाली. गुळानं मरतो त्याला विष कशाला, म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्यानं माझं परस पाहिलं असावं.

मी कोठीच्या दाराशी गेले आणि विचारलं, "अक्का, गूळ होणं होता थोडा. आहे की?"

"संपला," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून आत गेली.

आठवड्यापूर्वीच तीन मोठ्या ढेपा घरात आल्या होत्या. म्हणजे तीन दिवस रोज एक. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी भांडले नाही. भांडण केलं की माणूस रडून मोकळं होतं आणि दुसरा माफी मागून सुटतो. मला तिला सोडायचं नव्हतं. नारळाच्या मुळाशी खड्डा खणून मी मासे पुरले. नवरा बघायला आला आणि म्हणाला, "अग, मासेच ते. नवीन आणूं." त्या दिवशी त्याच्या भातात मी मीठ घातलं नाही.

आठ-पंधरा दिवस थोडं थोडं पाणी बदलत मी तळं निवळत आणलं, पाण्यात न उतरता, काठावरूनच. आत पाय ठेववत नव्हता. कमळाला काही झालं नव्हतं, उलट ते माजलं होतं. आणि एका शुक्रवारी सकाळी बघते तर अक्का न्हाऊन, हातात चांदीचं तबक घेऊन काठावर उभी. फूल शोधत होती. देवीला वाहायला!

माझा संताप मला आजही जसाच्या तसा आठवतो. माझे मासे मारून माझ्याच तळ्यातलं फूल हिच्या देवीला हवं होतं. त्या दिवशी फूल उमललेलं नव्हतं. ती तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तेव्हा मला कळलं की हिनं काही तरी धरलंय, मंडल असणार. आमच्याकडे अठ्ठेचाळीस दिवसांच्या व्रताला मंडल म्हणतात. मी कसलं म्हणून विचारलं नाही. मला हवं होतं ते मला सापडलं होतं.

कमळाची कळी आधी पाण्याखाली सुपारीएवढी असते. दोन दिवसांनी ती वर येते आणि तिसऱ्या दिवशी उमलते. वाकता न येणाऱ्या बाईला पाण्याखालचं दिसत नाही. मी रोज तिसऱ्या प्रहरी, ती आडवी झाली की, काठावर पालथी पडून हात खांद्यापर्यंत पाण्यात घालायची आणि देठ चाचपत जाऊन कळी नखानं खुडायची. कधी दोन, कधी चार. खुडलेल्या कळ्या मी नारळाच्या त्याच मुळाशी पुरायची, माशांच्या शेजारी. सकाळी ती तबक घेऊन यायची, उभी राहायची, पानांवरून नजर फिरवायची आणि जायची. मी विहिरीवर घागर घासत तिच्याकडे बघायची. काय सुख होतं त्यात! असं सुख मला नंतर मुलं झाल्यावरसुद्धा क्वचित मिळालं. एकदा ती मला म्हणाली, "फुलं कां येत नाहीत, ग?" मी म्हटलं, "काय की अक्का. पाण्याला काही झालं असेल." तिचा चेहरा उतरला. मी मनात एक मासा मोजला. रोज एक असं माझं उट्टं चाललं होतं.

एवढ्या दिवसांत ती वाळली. एक वेळ जेवू लागली. मला वाटलं, व्रताचंच असेल. मला दया आली नाही. येऊ दिली नाही म्हणा.

अठ्ठेचाळीसाव्या दिवशी ती काठावर बराच वेळ उभी राहिली. मग तबक पालथं करून विहिरीच्या कट्ट्यावर बसली. मी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं, "मिळालं की फूल?" आवाजात साखर घोळली होती.

"नाही," ती म्हणाली. "मंडल झालं. एकही दिलं नाही देवीनं. मज पाप मजवरच ठेवलं."

"कसलं पाप?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "गूळ मीच टाकलं त्यांत. मासे मरतील म्हणून ठाऊक नव्हतं मज. देवळाच्या तळ्यांत मरत नाहीत की. तुज पायाकरितां टाकलं."

मी साडी घोट्यावर आणखी खाली ओढली.

"तूं बाजूला बसली होतीस, तुज हातावर वरून पाणी घालत होतें, तेव्हां दिसलं," ती म्हणाली. "देवळांत जाऊन टाकलं असतं तर अस्के लोक विचारले असते, कोणाकरितां म्हणून. माझ्या भावाच्या बायकोला पांढरं उठलंय म्हणून गांवभर झालं असतं. म्हणून घरच्या पाण्यांत टाकलं. तीन दिवस तूं येणार नाहीस म्हणून. पाय दाखव पाहूं."

मी साडी वर केली. घोटा स्वच्छ होता. दोन्ही डाग गेले होते. मी कित्येक दिवस तिकडे पाहिलंही नव्हतं. सुडाच्या नादात स्वतःच्या कोडाची भीतीसुद्धा विसरले होते.

अक्का हसली. त्या घरात मी तिला तसं हसताना प्रथमच पाहिलं. "विरघळलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुजं झालं. मज मात्र नाही. फूल घेतलं असतं देवीनं तर मासे माफ झाले असं समजलें असतें. आतां गोड तोंडांत घालायचं नाही मीं. तेंच ठरवलं होतं."

फुलं मी खुडली, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते अगदी ओठावर आलं होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला पश्चात्ताप झाला नाही, राग आला. एवढे दिवस जपून, कष्टून घेतलेला माझा सूड तिनं एका दमात काढून घेतला. वर मला तिची देणेकरीण करून ठेवलं. माझ्यासाठी केलं म्हणून माझे मासे परत येणार होते की काय? ओंजळीतला तो शेवटचा मासा मला दिसला आणि मी तोंड मिटून घेतलं. साडी खाली सोडली आणि घागर उचलून आत गेले.

दोन दिवसांनी पानंवाला आला. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की पाण्यात उभं राहून पायाला काही उठतं का. त्यानं धोतर वर करून पोटऱ्या दाखवल्या. दोन्ही पायांवर पांढरे गोल डाग. पाण्यातली बुरशी आहे बाई, तो म्हणाला. महिनाभर पाय कोरडे ठेवले की जाते, उतरलं की येते. गूळ घातला नसता तरी चाललं असतं. मासे मेले म्हणून मी पाण्यात उतरले नाही, आणि उतरले नाही म्हणून डाग गेला. हेही मी अक्काला सांगितलं नाही. तिची एवढीच एक गोष्ट फळाला आली होती, म्हणून नाही सांगितली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कानं स्वतः माणूस पाठवून कालव्यातले केंडै आणवले. मला पाण्यात उतरू देईना. "तूं नको. पाय संभाळ," म्हणायची. म्हाताऱ्याला थांबवून तिनं सगळं विचारून घेतलं, आणि लांब काठीला आकडा बांधून ती काठावरून पिवळी पानं ओढू लागली. पीठ चिमटीनं टाकू लागली, विड्याचं पान लावून होईतो संपेल एवढंच. प्रायश्चित्त म्हणून ती माझ्याहून चोख तळं राखू लागली. थवा तिच्या सावलीखाली जायला लागला. त्या घरातली माझी एकमेव जागा अशी तिची झाली, आणि ती परत मिळवायला मला तेच एक वाक्य बोलावं लागलं असतं.

संक्रांतीला सगळ्यांच्या पानावर गोड पोंगल वाढताना मी तिचं पान ओलांडून पुढे जायची. माझी मुलगी झाली तेव्हा तिनं साखर वाटली आणि हात धुऊन टाकला. घरात पायस शिजलं की ती उठून परसात जायची. असं अठरा वर्षं, ती जाईपर्यंत.

फुलं आता रोज यायची, दोन-दोन, तीन-तीन. ती स्वतः कधी वाहायची नाही. शुक्रवारी सकाळी काठीनं देठ ओढून एक निळं कमळ तोडायची, पाणी झटकायची आणि तबकात ठेवून माझ्यासमोर धरायची.

"मज हातचं ती घेत नाही," म्हणायची. "तुजं मन साफ आहे. तूं वाहा."

मी हात धुऊन फूल घ्यायची आणि देवीला वाहायची. ती माझ्या मागे हात जोडून उभी असायची.